ठाणे उपनगर झालं ते कधी?

३४ किलोमीटर, सव्वा तास. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन निघालेल्या गाडीचा हा हिशेब. साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. सरासरी वेगाचं गणित मात्र कुणी मांडत नाही. तो ताशी २७ किलोमीटर भरतो. आज सीएसएमटी ते ठाणे या प्रवासाला जलद लोकल पाऊणएक तास घेते आणि धीमी तासभर. म्हणजे १७० वर्षांत जलदवाल्याची तीसेक मिनिटं वाचली आणि धीमीवाल्याची पंधरा. वाटेत स्थानकं वाढली, हे मान्य. तरी वाफेच्या इंजिनापासून विजेच्या लोकलपर्यंतच्या मजलीनं वाचवलेला वेळ चहाच्या एका फेरीइतकाच आहे.

ठाण्याचा इतिहास सांगताना गाडी रुळावर यावी तशी एक गोष्ट ठरलेल्या मार्गानं येते: तळ्याकाठचं निवांत गाव होतं, आगगाडी आली, गाव मुंबईला जोडलं गेलं आणि त्याचं उपनगर झालं. ऐकायला बरी वाटते. जनगणनेचे आकडे मात्र या गोष्टीला दुजोरा देत नाहीत.

१८६३ मध्ये ठाण्याला नगरपालिका मिळाली, तेव्हा गावची वस्ती सुमारे ९ हजार होती. १९०१ च्या जनगणनेत ती १६,०११ भरली. रेल्वे येऊन तोवर ४८ वर्षं झाली होती, आणि १८६३ नंतरच्या अडतीस वर्षांत देशातल्या पहिल्या आगगाडीच्या मुक्कामाच्या गावात सात हजार माणसांची भर पडली. त्याच वर्षी मुंबईची लोकसंख्या ७ लाख ७६ हजार होती. मुंबईत शंभर माणसं मोजली तर ठाण्यात दोन, असं हे प्रमाण. उपनगर म्हणावं अशी ही स्थिती नाही. रोज सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परतणारा वर्ग तेव्हा ठाण्यात नगण्यच असणार, कारण मुळात माणसंच इतकी थोडी होती.

होते ते लोक इथल्याच कचेऱ्यांत काम करत. ठाणे हे जिल्ह्याचं गाव. कलेक्टर, जिल्हा न्यायालय, तुरुंग, वकील, कारकून, मुनीम अशी त्याची घडण होती. आणि मुंबईच्या तुलनेत हे गाव जुनं, बरंच जुनं. शिलाहारांच्या काळात ते श्रीस्थानक होतं, राजधानीचं ठिकाण. १३२१ मध्ये चार ख्रिस्ती धर्मोपदेशक इथे मारले गेले, त्याची नोंद युरोपभर पोचली. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे पोर्तुगिजांकडून घेतलं. १७६० मध्ये सरसुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी कौपिनेश्वराच्या मंदिराची उभारणी केली. १७७४ च्या डिसेंबरात किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि १८१६ मध्ये त्याच किल्ल्यातून त्र्यंबकजी डेंगळे निसटला. किल्ला पुढे तुरुंग झाला, तो आजही तुरुंगच आहे. १८६६ मध्ये इथून ‘अरुणोदय’ हे मराठी वृत्तपत्र निघालं आणि १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं. सोळा हजार वस्तीच्या गावाला स्वतःचं वर्तमानपत्र आणि ग्रंथालय असणं ही उपनगराची लक्षणं नव्हेत. उपनगराला पेपर मुंबईचाच पुरतो. १९०१ मध्येच इथे मनोरुग्णालय उभं राहिलं आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रचार मराठीत रुजला. तो आता मागे पडत चालला आहे, ते बरंच झालं.

आता पुढचे आकडे. १९६१ मध्ये ठाण्याची वस्ती लाखाच्या थोडी वर गेली. १९७१ मध्ये ती १ लाख ७० हजार झाली, १९८१ मध्ये ३ लाखांच्या पुढे. १९९१ मध्ये एकदम ८ लाख ३ हजार. या उडीतला मोठा हिस्सा कागदावरचा आहे, हे इथेच सांगायला हवं: १ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली आणि आजूबाजूची ३२ गावं शहरात आली. गावातली माणसं जागच्या जागी राहिली आणि ठाणेकर झाली. म्हणून १९८१ ते १९९१ या दशकाच्या वाढीवरून काही सिद्ध करू नये. पण त्यापुढे हद्द साधारण तीच राहिली आणि आकडा धावतच सुटला. २००१ मध्ये १२ लाख ६२ हजार, २०११ मध्ये १८ लाख ४१ हजार. वीस वर्षांत १० लाख ३८ हजारांची भर म्हणजे रोज सरासरी १४० माणसं. सुटी नाही, खंड नाही, रोज टीएमटीच्या दोन बसगाड्या भरतील एवढी माणसं वीस वर्षं या शहराच्या हजेरीपटावर चढत होती.

२०११ मध्ये मुंबईत शंभर माणसं मोजली तर ठाण्यात पंधरा. दोनावरून पंधरावर जाण्याचा हा प्रवास जवळजवळ सगळा १९६० नंतरचा आहे, आणि त्यातला जोर १९९० नंतरचा. रेल्वे तेव्हा शंभरी ओलांडून गेली होती. तेव्हा उपनगराचं श्रेय किंवा दोष आगगाडीच्या माथी मारता येत नाही. गाडीनं वाट करून दिली. लोक त्या वाटेनं आले ते दुसऱ्याच कारणानं.

ते कारण म्हणजे जमीन, आणि त्या जमिनीवर आधी कारखाने येऊन मग जाणं.

१९२५ मध्ये रेमंडची लोकरीच्या कापडाची गिरणी ठाण्यात सुरू झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवातच ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाली. पुढच्या वीस वर्षांत पोखरण रोड, कोलशेत, माजिवडा, आणि खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा औषधं, रसायनं, रंग, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांनी भरला. या काळात ठाण्यात येणारा माणूस ठाण्यात कामाला येत होता. कोकणातून आला, घाटावरून आला, लोकमान्य नगर, सावरकर नगर भागात खोली घेतली, पहिल्या पाळीला सायकलवरून किंवा चालत कारखान्यात गेला. त्याचं घर आणि त्याचा भोंगा यांच्यात दोन-तीन किलोमीटरचं अंतर होतं. १९६७ मध्ये शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली ती याच गावच्या नगरपालिकेत, आणि १९७८ मध्ये मासुंदा तलावाच्या काठावर गडकरी रंगायतन उभं राहिलं. तेव्हाचं ठाणे हे कामगार आणि कारकुनांचं, पण स्वतःच्या पोटापाण्याची सोय स्वतःच्या हद्दीत असलेलं शहर होतं. एक ते तीन लाखांच्या दरम्यानचं हे ठाणे जुन्या ठाणेकरांच्या बोलण्यात सारखं येतं. आठवणीत ते जास्त गोड झालेलं असणार, पण घरापासून कामापर्यंतचं त्याचं अंतर खरंच कमी होतं.

मग कारखाने बंद पडू लागले किंवा हलले. मुंबई महानगर क्षेत्रात मोठ्या नव्या उद्योगांना राज्याच्या धोरणानं आधीच आडकाठी केली होती. प्रदूषणाचे नियम कडक झाले, गुजरातमध्ये आणि राज्याच्या इतर भागांत स्वस्त जागा आणि सवलती मिळू लागल्या, आणि मुख्य म्हणजे कारखान्याखालची जमीन कारखान्यापेक्षा महाग झाली. याला तीन व्यवहार साक्षीला आहेत. क्लॅरिअंट या रसायन कंपनीची कोलशेतची ८७ एकर जमीन २०१४-१५ च्या सुमारास ११०० कोटी रुपयांच्या वरच्या किमतीला गेली; तिथे आता लोढांच्या इमारती आहेत. ग्लॅक्सोची पोखरण रोडवरची ६० एकर जमीन ओबेरॉय रिअल्टीनं ५५५ कोटींना घेतली, तो व्यवहार २०१९ चा. त्याच वर्षी रेमंडनं आपल्या जमिनीतले २० एकर ७०० कोटींना विकले, आणि उरलेल्या जागेच्या काही भागावर स्वतःच घरबांधणी सुरू केली. कापड विणणारी कंपनी सदनिका विकू लागली, यातच सगळं आलं.

एकरी दर काढला तर अनुक्रमे साधारण १३ कोटी, सव्वानऊ कोटी आणि ३५ कोटी येतात. तिन्हींची तुलना सरळ करता येत नाही. जागेचा मोका, जमिनीवरच्या अटी, परवानग्या, व्यवहाराचं वर्ष, सगळंच निराळं. पण १६७ एकरांवर एकेकाळी तीन पाळ्यांत माणसं कामाला होती आणि आता त्याच जागेत माणसं राहायला येतात, हे तिन्हींत समान आहे. राहायला आलेल्यांचं काम मात्र तिथे नाही. ते बीकेसीत आहे, पवईत आहे, अंधेरीत आहे, ऐरोलीत आहे. माझ्या मते ठाणे उपनगर झालं ते या घडीला. स्थानकानं नव्हे, ‘विक्रीस उपलब्ध’ या पाटीनं.

आता त्या स्थानकाकडे येऊ. ठाण्याला दहा फलाट आहेत आणि रोज सहा लाखांहून अधिक प्रवासी हे स्थानक वापरतात, असं सांगितलं जातं. पाच-सहा नंबरच्या फलाटावर सकाळी साडेआठला उभं राहिलं की आकड्याचा अर्थ कळतो. कल्याणकडून येणारी जलद लोकल आत शिरते ती आधीच दारापर्यंत भरलेली. फलाटावरचा अनुभवी माणूस गाडी थांबण्याआधीच पाठीवरची सॅक पुढे घेतो, दाराच्या खांबाच्या अंदाजानं दोन पावलं सरकतो आणि उतरणाऱ्यांचा लोंढा सरला न सरला तोच आत ढकलला जातो. ठाण्याहून सुटणारी धीमी पकडणारे वेगळे; त्यांना वेळापत्रक तोंडपाठ असतं आणि वीस मिनिटं जादा गेली तरी चालतील पण बसायला हवं, हा त्यांचा बाणा. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस याच पाच नंबरचा फलाट रुंद करायला रेल्वेनं ६३ तासांचा मेगाब्लॉक घेतला. शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. मिळाली ती दोन-तीन मीटर रुंदी. ही रेल्वेची चेष्टा नाही. १८ लाखांच्या शहराचं सगळं ओझं एका स्थानकावर टाकल्यावर दोन मीटरही अशाच किमतीत मिळतात.

पण माझा मुद्दा असा की ठाणेकराचा वेळ आता रुळांवर कमी आणि रुळांपर्यंत पोचण्यात जास्त जातो. नवी वस्ती झाली ती घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना: मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा. कासारवडवली ते ठाणे स्टेशन हे अंतर दहाएक किलोमीटर. गर्दीच्या वेळी बसनं त्याला तास लागला तर कुणी आश्चर्य करत नाही. ताशी दहा किलोमीटर, म्हणजे १८५३ च्या गाडीच्या निम्म्याहूनही कमी वेग. त्यात हाच रस्ता जेएनपीए बंदरातून गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरांचाही आहे. गायमुख घाटात एखादा कलंडला की माजिवड्यापर्यंत रांग लागते आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी दुसरा विषय नसतो. स्टेशनबाहेर सॅटिसचा उन्नत पूल झाला, बसगाड्या वर गेल्या, खाली रिक्षा उरल्या. रांग काही हटली नाही.

एका बाबतीत चित्र बदललं. १९ नोव्हेंबर २००४ पासून ठाणे-वाशी मार्गावर लोकल धावू लागली आणि ऐरोली, रबाळे, घणसोली हा जुना रसायनांचा पट्टा आयटी पार्कांचा झाल्यावर ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरही मुंबईच्या दिशेइतकीच झुंबड दिसू लागली. म्हणजे ठाणे आता एकट्या मुंबईचं उपनगर राहिलेलं नाही, नवी मुंबईचंही आहे. पलीकडे डोंबिवली-कल्याणचे लोक ठाण्यात कामाला येतात. उपनगराचंही उपनगर असतं.

तळ्यांचा हिशेब वेगळा आहे, पण खातं तेच. ‘तलावांचं शहर’ ही पाटी ठाणे अभिमानानं मिरवतं. एकेकाळी इथे साठाहून जास्त तळी होती असं सांगतात; आता पस्तीसच्या आसपास उरली आहेत. मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, आंबेघोसाळे, रायलादेवी, मखमली, हरियाली, कोलबाड, ब्रह्माळा. यांतली बरीचशी गावच्या गरजेतून राखलेली होती: गुरांना पाणी, धुणं, शेती, विहिरींचा झरा टिकवणं. नळ आला आणि तळ्याची गरज संपली. गरज संपलेली सपाट, सखल जागा शहरात कोण मोकळी ठेवतो? काही बुजली, काही आक्रसली, आणि ज्यांच्या काठाला रस्ता होता ती सुशोभित झाली. मासुंद्याच्या काठी, म्हणजे तलावपाळीला, आज संध्याकाळी नावा फिरतात, भेळ-पाणीपुरीच्या गाड्या लागतात, कठड्यावर बसायला जागा मिळत नाही. कौपिनेश्वर आणि पाणी यांच्यामध्ये आता वाहता रस्ता आहे. गणपतीत मूर्तींसाठी कृत्रिम तलाव करण्यात ठाण्यानं पुढाकार घेतला, ते चांगलं काम. पण काठ सिमेंटनं बांधून काढले की पावसाचं पाणी आत येण्याच्या जुन्या वाटाही बंद होतात, हे सुशोभीकरणाच्या फलकावर लिहिलेलं नसतं.

आणि पस्तीस तळ्यांच्या या शहराला पिण्याचं पाणी कुठून येतं? महापालिकेच्या पुरवठ्याचे गेल्या काही वर्षांतले आकडे असे: रोज ५८५ दशलक्ष लिटर. पालिकेच्या स्वतःच्या योजनेतून २५०, एमआयडीसीकडून १३५, स्टेम प्राधिकरणाकडून ११५ आणि मुंबई महापालिकेकडून ८५. स्वतःच्या योजनेचं पाणीही भातसा नदीवरून येतं, शहरातल्या एकाही तळ्यातलं नाही. उरलेलं निम्म्याहून जास्त पाणी तर दुसऱ्या संस्थांकडून घेतलेलं. २०११ च्या लोकसंख्येनं भागलं तर माणशी ३१८ लिटर पडतात. शहरांसाठीचं प्रमाण माणशी १३५ लिटरचं. म्हणजे कागदावर ठाणे पाण्यात डुंबतंय. प्रत्यक्षात माणसं २०११ पेक्षा पुष्कळ वाढली आहेत, वाटेत गळती आहे, आणि सरासरी ही चीजच अशी की पोखरण रोडच्या टॉवरमधला तरणतलाव आणि दिव्यातल्या चाळीबाहेर टँकरची वाट पाहणारे हंडे एकाच बेरजेत बसतात. मुंबईची तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. शहापूरचं पाणी ठाण्याला, ठाण्याची माणसं मुंबईला: या साखळीत वरच्या टोकाला काय परत मिळतं, त्याचा आकडा कुणीच छापत नाही.

दिव्याचं नाव निघालंच आहे. दिवा आणि मुंब्रा ही दोन्ही ठाणे महापालिकेचाच भाग, खाडीच्या पलीकडची. घोडबंदरचं घर ज्याच्या आवाक्याबाहेर गेलं तो इकडे आला. १४,३६१ ही शहराची दर चौरस किलोमीटर सरासरी घनता. १२८ चौरस किलोमीटरच्या हद्दीतला येऊरचा डोंगर आणि खाडीकाठचं खारफुटीचं जंगल वजा केलं तर खरी दाटी याहून बरीच जास्त, आणि ती सर्वात जास्त जाणवते ती इथे. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, तरी दिव्याहून सुटणारी सीएसएमटी लोकल ही मागणी वर्षानुवर्षं मागणीच राहिली. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, आणि किमान चार जण गेले. त्यानंतर स्वयंचलित दारांची चर्चा झाली. दारं बसतील तेव्हा बसोत. दाराबाहेर माणूस लटकतो तो हौसेनं नव्हे, आत जागा नसते म्हणून.

सध्या ठाण्यात जे खोदकाम दिसतं त्यातलं बरंचसं मुंबईकडे जाणाऱ्या वाटांचं आहे. वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४, पुढे गायमुखपर्यंत ४अ. ठाणे ते बोरिवली जोडबोगदा, ११.८ किलोमीटर, त्याची पायाभरणी जुलै २०२४ मध्ये झाली. ठाणे-मुलुंडच्या मध्ये मनोरुग्णालयाच्या जागेवर नवं स्थानकही होऊ घातलंय. या सगळ्यांत वेगळा प्रकल्प एकच: ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलेली ठाण्याची अंतर्गत वर्तुळाकार मेट्रो. २९ किलोमीटर, २२ स्थानकं, १२,२०० कोटी रुपये. ती मुंबईला जात नाही. वागळे इस्टेट, मानपाडा, वाघबीळ, बाळकुम असा फेरा घालून ती ठाण्यातच परत येते. शहराला आपल्या आत फिरवणारा रूळ ठाण्याच्या वाट्याला पहिल्यांदाच येतोय, आणि घोडबंदरच्या माणसाचा स्टेशनपर्यंतचा तास त्यानं खरंच वाचेल. मुंब्रा आणि दिवा मात्र त्या वर्तुळाच्या बाहेर आहेत.